पेन सांगितलं की पॅन लिहिते : केजी टूमधल्या एका मुलीचं आणि पाच ऱ्हस्व स्वरांचं प्रकरण

'पेन'साठी पी-ए-एन. 'पिन'साठी पी-ई-एन. 'बेड'साठी बी-ए-डी, 'सिट'साठी एस-ई-टी. 'कप'साठी नुसतं के-पी. 'कॅट' आणि 'हॉट' मात्र बिनचूक.

ही मानेवाडा भागातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये केजी टूला शिकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीची डिक्टेशनची वही. (नागपुरात इंग्रजी माध्यमाच्या बालशाळेला सरसकट कॉन्व्हेंटच म्हणतात.) पानभर लाल फुल्या आणि खाली शेरा : स्पेलिंग कच्चं आहे, घरी सराव घ्यावा. मी याच भागात लहान मुलांना वाचायला शिकवते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीला उघडतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिची आई ही वही घेऊन आली.

"घरी तोंडी सगळं सांगते जी मॅडम, लिहायले बसली का उलटंपालटं करते. दहा-दहा वेळा लिहून घेतो, तरी तसंच."

मुलीला घरी छकुली म्हणतात, इथंही तेच म्हणते. घरात आई, बाबा आणि आजी. घरातलं बोलणं नागपुरी मराठी, गल्लीत आणि टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. अशी घरं या शहरात गल्लोगल्ली आहेत आणि अशा वह्याही. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

फुल्यांच्या आत काय होतं

वहीतली चुकलेली उत्तरं पुन्हा एकदा वाचून बघा. 'पेन'साठी तिनं जे लिहिलं ते 'पॅन'चं बरोबर स्पेलिंग आहे. 'पिन'साठी लिहिलं ते 'पेन'चं. 'बेड'ऐवजी 'बॅड', 'सिट'ऐवजी 'सेट'. चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेनं सरकते. ज्या मुलीला काही येत नाही तिची चूक अशी शिस्तीत होत नाही, वाटेल तशी होते.

इंग्रजीच्या पाच स्वर-अक्षरांची नावं ए, ई, आय, ओ, यू. त्यांचे ऱ्हस्व आवाज मराठीत लिहायचे तर ॲ, ए, इ, ऑ, अ. या दोन ओळी एकाखाली एक लिहा, म्हणजे गोम लगेच दिसेल. 'ए' हा आवाज दुसऱ्या अक्षराचा, पण 'ए' हे नाव पहिल्या अक्षराचं. 'इ' हा आवाज तिसऱ्या अक्षराचा, पण त्याच्या सगळ्यात जवळचं नाव, म्हणजे 'ई', दुसऱ्या अक्षराचं. नावं आणि आवाज एकमेकांपासून एकेक घर सरकलेले आहेत.

छकुलीला नर्सरीपासून अक्षरांची नावं पाठ होती. 'पेन'मधला मधला आवाज तिनं बरोबर ऐकला, तो 'ए' आहे हेही ओळखलं, आणि ज्या अक्षराला सगळे 'ए' म्हणतात ते लिहून मोकळी झाली. 'पिन'मध्ये 'इ' ऐकला आणि 'ई' नावाचं अक्षर लिहिलं. 'हॉट' बरोबर आलं, कारण ऑ आणि ओ जवळजवळचे आहेत. 'कॅट' तर पहिल्या दिवसापासून पाठच होतं.

हे फक्त आपल्याच मुलांचं होतं असं नाही. चार्ल्स रीड या अमेरिकी भाषाभ्यासकानं 1971 मध्ये शाळेत जाण्याआधीच स्वतःच्या मनानं लिहू लागलेल्या इंग्रजीभाषक मुलांच्या स्पेलिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती मुलंही ऱ्हस्व 'ए'साठी पहिलं अक्षर आणि ऱ्हस्व 'इ'साठी दुसरं अक्षर लिहीत होती. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांनाही ही सरकलेली घरं अडवतात.

'कप'चं के-पी मात्र आपल्याकडचं आहे. देवनागरीत 'कप' ही दोन अक्षरं. 'क'मध्ये 'अ' असतोच, तो वेगळा दाखवावा लागत नाही. ज्या मुलीनं 'क, ख, ग' म्हणत वर्णमाला पाठ केली आहे, तिच्या हिशेबानं 'कप'मध्ये दोनच गोष्टी आहेत. इंग्रजीला तिथं तीन अक्षरं लागतात आणि मधला 'अ' यू या अक्षराला द्यावा लागतो. हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्यात आपल्याकडच्या पाट्यांवर रोमन लिपीत 'नागपूर' लिहिलेलं असतं, तिथं यू म्हणजे 'ऊ' आणि ए म्हणजे 'आ'. तिच्या स्वतःच्या आडनावातही ए म्हणजे 'आ'च आहे. पुढं ती सी-यू-पी हे 'कुप' असं वाचू लागली, तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही.

आधी कान

लिहिणं बाजूला ठेवून आधी ती ऐकते कसं ते पाहिलं. पावसाळ्यात सर्दी झालेल्या मुलांच्या कानात पाणी साचून काही दिवस कमी ऐकू येतं, त्यामुळे आईला कान दाखवून घ्यायला सांगितलं. कान ठीक होते.

मग जमिनीवर तीन वस्तू ठेवल्या : टाचणी, पेन आणि छोटा तवा. मी म्हणेन 'पिन', 'पेन' किंवा 'पॅन', तिनं त्या वस्तूला हात लावायचा. माझे ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढं वही धरली. पेन आणि पॅनमध्ये ती एकदाही अडखळली नाही. पिन आणि पेनमध्ये मात्र मधूनमधून हात हवेतच थांबायचा.

याचा उलगडा तिच्या आजीच्या बोलण्यात झाला. आजी तिला घ्यायला आली की विचारायची, "दूध पेलं का? मॅडमनं खाऊ देल्ला का?" वऱ्हाडी-नागपुरी बोलीत 'दिला'चा 'देल्ला' होतो, इ-च्या जागी ए येतो. छकुलीच्या घरात हे दोन आवाज कित्येक शब्दांत एकमेकांच्या जागी चालतात आणि त्यानं कोणाचं काही अडत नाही. तेव्हा इंग्रजीत नेमक्या याच दोघांमध्ये तिचा कान घुटमळला तर ते साहजिक आहे.

हे ऐकून आजी कानकोंडी झाली. "आमच्यावानी बोलते म्हणून चुकते का पोट्टी?"

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि प्रत्येक पालकाला सांगते, की घरची बोली जशी आहे तशीच राहू द्या. मूल आवाज ओळखायला घरच्या भाषेतच शिकतं. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं 3 ते 8 या वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे, तो याच कारणानं. आजीलाच मी कामाला लावलं. रोज संध्याकाळी त्यांनी छकुलीला विचारायचं : मी 'देल्ला' म्हणते, पुस्तकात काय म्हणतात? छकुली मोठ्यानं 'दिल्ला' म्हणायची, मग विचार करून 'दिला'. इ आणि ए यांतला फरक तिनं पहिल्यांदा जाणूनबुजून पकडला तो असा, तिच्या ओळखीच्या शब्दांत.

काय केलं

पहिलं काम, अक्षरांची नावं काही काळ बंद. आपल्याकडचा तक्ता म्हणतो 'ए फॉर ॲपल, ई फॉर एलिफंट'. या ओळीत आधी नाव येतं, मग आवाज, आणि दोन्हींत फरक आहे हे मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. आम्ही 'ए फॉर' गाळून टाकलं. ॲ-ॲपल, ऑ-ऑरेंज, अ-अंब्रेला, एवढंच. चित्रंही पारखून घेतली. काही तक्त्यांवर आयसाठी आइस्क्रीम असतं आणि एसाठी एरोप्लेन. दोन्हींत ऱ्हस्व आवाज नाहीच, ती चित्रं सरळ काढली. इग्लूही काढला. नागपूरच्या मुलाला बर्फाच्या घराचं चित्र आधी समजावून सांगायचं आणि मग आवाज शिकवायचा, म्हणजे दुप्पट काम. त्याऐवजी 'इन' घेतलं : डब्यात खडू टाकायचा आणि 'इ, इन' म्हणायचं. 'एलिफंट'मध्ये मुलांना सुरुवातीला 'एल' हे अक्षराचं नावच ऐकू येतं, म्हणून 'एग' घेतलं. ऑसाठी ऑरेंज होतंच. पुढं तान्हा पोळा जवळ आला, घरात तिचा लाकडी नंदी निघाला, आणि ऑ-ऑक्स तिनं स्वतःहून जोडलं. (शब्द तिला आईनं सांगितला होता.)

दुसरं, क्रम. इंग्लंडच्या शिक्षण खात्यानं 2007 मध्ये शाळांना जो क्रम दिला, त्यात पहिली सहा अक्षरं एस, ए, टी, पी, आय, एन अशी आहेत. एवढ्यावर बरेच छोटे शब्द तयार होतात आणि ए व आय हे दोन स्वर एकमेकांपासून दूरचे आहेत. मी स्वरांची सुरुवात तशीच केली : आधी ॲ आणि इ, मग ऑ, मग अ. 'ए' हा आवाज शेवटी ठेवला, कारण तोंडात तो इ आणि ॲ यांच्या मधोमध बसतो आणि दोन्हीकडे ओढला जातो. बऱ्याच बालशाळांत ए, ई, आय, ओ, यू या वर्णक्रमानंच पाचही स्वर एका आठवड्यात उरकतात. सगळ्यात जास्त गोंधळणारे दोन शेजारी पहिल्याच दोन दिवसांत समोर आणण्याची ही पद्धत बदलायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं, हनुवटी. छकुलीला तिचा तळहात आडवा करून हनुवटीखाली टेकवायला सांगितला आणि सावकाश म्हणायला लावलं : इ, ए, ॲ. इ म्हणताना हात हलत नाही. ए म्हणताना हनुवटी हाताला हलकेच दाबते. ॲ म्हणताना हात खाली ढकलला जातो. तिनं तीनदा करून पाहिलं, मग डोळे मिटून केलं, मग आईच्या हनुवटीखाली हात धरून "तू म्हण" म्हणाली. तिथून पुढं शंका आली की हात आपसूक हनुवटीखाली जायचा. पाच वर्षांच्या मुलाला आवाजाचं नुसतं वर्णन कळत नाही, हाताला लागलेलं कळतं. ऑसाठी आरसा घेतला, ओठ गोल होतात ते दिसतं. अ म्हणताना तोंडाला काहीच करावं लागत नाही, आणि नेमकं म्हणूनच तो निसटतो.

त्या निसटणाऱ्या 'अ'साठी चौकटी वापरल्या. एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञाची ही युक्ती जगभर वापरली जाते : शब्दात जितके आवाज तितक्या चौकटी, आणि म्हणता म्हणता प्रत्येक चौकटीत एक सोंगटी सरकवायची. फरशीवर खडूनं तीन घरं आखली. सोंगट्या म्हणून बाटल्यांची झाकणं घेतली, दोन पांढरी आणि मधल्या स्वरासाठी एक लाल. (चिंचोके हाताशी असतात, पण घरात याहून लहान भावंडं असतील तर ते नाकात-तोंडात जातात. मोठी झाकणं बरी.) पहिल्या दिवशी 'कप' म्हटल्यावर तिनं पहिल्या घरात एक झाकण ठेवलं, तिसऱ्यात एक, आणि लाल झाकण हातातच धरून माझ्याकडे बघत बसली. तिच्या दृष्टीनं शब्द संपला होता.

तेव्हा 'कप' सोडून 'सन' घेतला. क्, ट्, प् हे आवाज लांबवता येत नाहीत. स्, म्, न्, फ्, ल् येतात. 'स्स्स्-अऽऽऽ-न्न्न्' असं म्हणत बोट घराघरावरून नेलं, की मधल्या घरावर बोट असताना तोंडातून काहीतरी निघतंय हे मुलाला ऐकूही येतं आणि दिसतंही. मग 'फन', 'मड', 'रन'. त्यानंतर 'कप'वर आलो तेव्हा लाल झाकण मध्ये गेलं.

इथं मराठी शिक्षकांनी एक सवय जपून बदलावी. आपण व्यंजन म्हणताना त्यात 'अ' मिसळतो : 'ब, ॲ, ट'. मूल ते जोडतं आणि 'बॲट' म्हणतं, आणि 'बट' आणि 'बॅट'मधला फरक दिसेनासा होतो. पाय मोडलेलं व्यंजन म्हणायचं : ब्, ॲ, ट्. सुरुवातीला जीभ अडखळते, पण सवयीनं जमतं.

चौथी गोष्ट तिच्या आईनं सुचवली. छकुली बाराखडी गुणगुणायची. आई म्हणाली, इंग्रजीची अशी करता येईल का? 2009 च्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ मराठीच्या प्रमाणित वर्णमालेत घेतले आहेत, म्हणजे पाचही ऱ्हस्व आवाजांना आपल्याकडं चिन्ह आहे. मग तयार झाली 'पाचखडी' : बिग, बेग, बॅग, बॉग, बग. बिट, बेट, बॅट, बॉट, बट. अर्थ सगळ्या शब्दांचा सांगत बसलो नाही, एखाद-दुसरा सांगितला. चाल बाराखडीचीच, एक हात हनुवटीखाली. ज्या मुलांना मराठी वर्णमाला ऐकून ठाऊक आहे, त्यांना इंग्रजी स्वर शिकवताना हा आधार काढून घेणं म्हणजे भरल्या घरातून उपाशी पाठवणं.

हिंदीचा एक गुंता इथं नोंदवते. हिंदीत 'ऐ'चा उच्चार ॲच्या जवळ जातो, म्हणून हिंदी पाटीवर 'बैंक', 'बैट' असतं. मराठीत 'ऐ' म्हणजे जवळपास 'अइ', म्हणून आपण 'बँक', 'बॅट' लिहितो. नागपुरात एकाच बँकेच्या दारावर दोन्ही वाचायला मिळतात. जी मुलं घरी हिंदी बोलतात त्यांना ॲ आपसूक जमतो, पण शिक्षिकेनं फळ्यावर मराठी पद्धतीनं चिन्ह काढलं की ती गोंधळतात. वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असतील तर फळ्यावर चिन्ह काढण्याआधी तोंडी काम भरपूर व्हावं.

अक्षरं या सगळ्यानंतर आली. लाल झाकणाच्या जागी लाल पुठ्ठ्यावर लिहिलेलं स्वर-अक्षर. लिहायचं नाही, फक्त उचलून ठेवायचं. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी तर मी इथपर्यंतही येत नाही, त्या वयात कानाचे खेळ पुरेत.

शाळेशी बोलणं

आईसोबत वर्गशिक्षिकेला भेटले. भरलेला वर्ग, हातात ठरलेला अभ्यासक्रम, आणि आठवड्याला डिक्टेशन झालंच पाहिजे हा वरून आलेला आग्रह. मी वहीतल्या उत्तरांची सरकलेली ओळ त्यांना दाखवली. त्यांनी तिथंच दुसऱ्या काही मुलांच्या वह्या काढल्या, आणि तीच सरकलेली अक्षरं त्यांतही निघाली. डिक्टेशन बंद झालं नाही. पण छकुलीच्या वहीत फुली मारण्याऐवजी चुकलेल्या स्वराखाली रेघ ओढायचं त्यांनी मान्य केलं, आणि सकाळी हजेरीनंतर हनुवटीचा खेळ सगळ्या वर्गाला घ्यायला लागल्या. केजीच्या मुलाची डिक्टेशन परीक्षा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पाच वर्षांच्या मुलाच्या वहीत लाल फुल्या पडल्या की ते लिहायचंच टाळू लागतं. छकुलीही पेन्सिल हरवल्याचं सांगू लागली होती.

घरी दहा-दहा वेळा लिहून घेणं आईनं थांबवलं. त्याच्या जागी रात्री भांडी घासताना दोघींचा खेळ : आई एक शब्द म्हणणार, छकुली फक्त मधला आवाज सांगणार. "बस?" "अ." "पेट?" "ए." "ढोकळा?" "तो इंग्रजी नाही ना वं आई!"

कुठवर आलं

तान्ह्या पोळ्यापर्यंत ॲ, इ आणि ऑ पक्के झाले. पुठ्ठ्याची अक्षरं ठेवताना ती थांबत नव्हती. अ दसऱ्याच्या सुमारास बसला. त्यानंतर 'कुप' वाचणं कमी झालं, तरी अनोळखी शब्दात यू दिसला की अजून पहिल्यांदा 'उ' निघतो, मग ती स्वतःच दुरुस्त करते. ए सगळ्यात शेवटी, दिवाळीच्या सुट्टीनंतर. 'पेन' आता ती बरोबर लिहिते. 'पिन' लिहिताना थकलेली असली तर अजूनही पी-ई-एन होतं. तेव्हा मी काही सांगत नाही, फक्त माझा हात हनुवटीखाली धरते. ती बघते आणि खोडते.

उच्चाराबद्दल पालक हमखास विचारतात, म्हणून लिहिते. छकुलीचं 'पेन' आपल्या मराठी 'पेन'सारखंच आहे, 'ए' जरा लांब. तो तसाच ठेवला. पाच आवाज एकमेकांपासून वेगळे ऐकू यावेत आणि प्रत्येकाला आपलं अक्षर मिळावं, एवढंच हवं होतं. लंडनची धाटणी कोणी मागितलेली नाही.

आता शाळेत 'केक', 'गेट', 'बाइक' असे शब्द सुरू होणार आहेत. त्यांत शेवटी मुका ई येतो आणि मधलं स्वर-अक्षर खरोखरच आपलं नाव उच्चारतं. जी गोष्ट इतके महिने बाजूला ठेवली, तीच आता शिकवायची आहे. त्यासाठी घाई करायची नाही असं आई, वर्गशिक्षिका आणि मी मिळून ठरवलं आहे. 'पिन' आणि 'पेन' थकलेल्या संध्याकाळीही न चुकता वेगळे लिहिता येऊ लागले, की मग 'केक'. तोवर शाळेच्या यादीतले ते शब्द ती चित्र बघून ओळखेल, स्पेलिंग विचारलं जाणार नाही, आणि वर्गशिक्षिकेनं हे तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून सही केली आहे.